‘सब ठीक’ लिहिलेले बासष्ट फॉर्म

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये सव्वीस वर्षं काढली, त्यातली नऊ मनोरुग्ण विभागात. निवृत्त होऊन कोरेगाव तालुक्यातल्या घरी आले. आता आल्याचं पीक आणि तुमची पत्रं एवढाच उद्योग, आणि दोन्हींचा नेम नाही. या खेपेला तीन पत्रं वर्दीवाल्यांची निघाली. पहिलीला जागा जास्त गेली आहे, बाकी दोघांनी सांभाळून घ्यावं.

मॅडम, मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय ‘सैनिकांचं मानसिक आरोग्य आणि मदत मागण्याची वृत्ती’. माझे आजोबा आणि काका फौजेत होते. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत माजी सैनिक संघटनेच्या अध्यक्षांनी मारुतीच्या देवळात बैठक लावून दिली. सुट्टीवर आलेले आणि निवृत्त अशा बासष्ट जणांकडून नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. एकूण एक जणाने सगळीकडे ‘अजिबात नाही’वर खूण केली. तिघांनी तर वर ‘सब ठीक’ असं लिहून दिलं. गाईड म्हणतात, मग तोच निष्कर्ष लिही, सैनिक मनाने कणखर असतो. मला ते पटत नाही, पण हातात दुसरं काही नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी, कराड तालुका

तुझ्या गाईडना दुखवायचं नाही. पण बासष्ट माणसांत गेल्या दोन आठवड्यांत एकाचीही झोपेची तक्रार नाही? साठी उलटलेल्यांचीसुद्धा? लघवीला रात्री तीनदा उठणारा सुभेदारही ‘अजिबात नाही’वर खूण करतो, तेव्हा तो तुझ्या प्रश्नाला उत्तर देत नसतो. तो तुझ्या फॉर्मला सलाम ठोकत असतो.

कोरा फॉर्म सोबत जोडलास हे बरं केलंस. सगळ्यात वर तीन रकाने आहेत: नाव, हुद्दा, पलटण. त्यातून समोर संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त सुभेदार साहेब, बाजूला भावकी, आणि बसायला देऊळ. अशा बैठकीत ‘माझं मन लागत नाही’ असं मीही लिहिलं नसतं.

हा गाढवपणा मी तुझ्याआधी केला आहे. साल 1994, उत्तरेकडचं एक सैनिकी रुग्णालय. मी तेव्हा कॅप्टन, खांद्यावर तीन तारे. वरिष्ठांना एक छोटा अहवाल हवा होता म्हणून सकाळच्या राऊंडला चाळीस फॉर्म वाटले, संध्याकाळी चाळीसही परत आले. सगळे धुतल्या तांदळासारखे. एका लान्सनायकाने तेवढं फॉर्म हातात धरून विचारलं, “मॅडम, ये डॉक्युमेंट में जाएगा क्या?” मी म्हणाले, नाही. त्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांसारख्याच खुणा करून दिल्या. तीन आठवड्यांपूर्वी याच माणसाला रात्री दोन वाजता वॉर्डामागच्या पायरीवर रडताना मी पाहिलं होतं. अहवाल मी पाठवून दिला. वरिष्ठ खूश झाले.

त्याचा प्रश्न आज मला तुझ्या अख्ख्या प्रबंधाचा विषय वाटतो. डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे नोकरीच्या कायमच्या कागदांत, जाणार का? फौजेत वैद्यकीय वर्गवारीला ‘शेप’ म्हणतात. पाच इंग्रजी अक्षरं: पहिलं मनाचं, मग कान, हातपाय, अंगातली ताकद आणि डोळे. सगळीकडे एक आकडा असला की जवान ‘शेप वन’. पहिल्या अक्षरापुढचा आकडा वाढला की ‘कॅटेगरी लागली’. कॅटेगरी लागली म्हणजे नोकरी गेली असं नाही. ती तात्पुरती असू शकते, पुन्हा तपासणी होते, माणूस शेप वनला परतही येतो. असे परत गेलेले मी कितीतरी पाहिले आहेत. पण मधल्या काळात हत्याराची ड्यूटी बंद होऊ शकते, आणि बढतीच्या वेळी ती कॅटेगरी आड येऊ शकते. शिवाय मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं की कमांडिंग ऑफिसरचा अहवाल मागवला जातो, म्हणजे पलटणीला कळतंच. पाय मोडला तर चौकशीला अख्खी बराक येते. या आजारात बराक येत नाही. जवान हा हिशेब मनात करतो आणि मगच तुझ्या फॉर्मवर खूण करतो. त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. हिशेब चोख असतो त्याचा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इराकहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवरचं एक काम 2011 साली छापून आलं, ते मिळवून वाच. परतल्यावर नेहमीचा नावानिशी फॉर्म सगळ्यांनी भरला, आणि त्यांच्यातल्याच काहींनी निनावी फॉर्मही भरला. नैराश्य, आघातानंतरचा ताण, आत्महत्येचे विचार, या सगळ्यांचं प्रमाण निनावी फॉर्मांत दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त निघालं. माणसं तीच, पलटण तीच. त्याआधी 2004 साली इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्या तुकड्यांची निनावी पाहणी झाली होती. ज्यांना त्रास असल्याचं दिसत होतं, त्यांच्यातल्या फक्त 23 ते 40 टक्के लोकांनी मदत घेतली होती. आणि ‘मला कमकुवत समजतील’ ही भीती ज्यांना त्रास होता त्यांनाच जास्त. ज्याला डॉक्टरची गरज, तोच दारातून मागे फिरतो.

आता इथे एक मेख आहे. तुझ्या मूळ पत्रात (इथे ते कापून छापलं आहे) ‘कलंक’ हा शब्द सात वेळा आला आहे, मोजले मी. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या सैनिकी आरोग्याच्या अभ्यासकांनी 2015 साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. मानसिक त्रास असलेल्या सैनिकांपैकी सुमारे 60 टक्के मदत घेत नाहीत, हे त्यात दिसलं. मात्र जे लाजेची, बदनामीची भीती बोलून दाखवतात, तेच कमी मदत घेतात, असा सरळ संबंध काही सापडला नाही. भीती वाटूनही जाणारे असतात आणि भीती नसूनही न जाणारे असतात. तेव्हा ‘कलंक’ लिहून प्रकरण मिटवू नकोस. सुट्टी मिळाली का, दवाखाना किती लांब, गोळ्या खाऊन पहाऱ्यावर झोप लागली तर काय होईल, हेही विचार. आणि सगळ्यात मोठा प्रश्न हा की पलटणीत याआधी ज्याने तोंड उघडलं, त्याचं पुढे काय झालं. प्रत्येक पलटणीत असा एक जण असतो. त्याचं बरं झालं असेल तर पुढचे चार जण जातात. त्याचं वाईट झालं असेल तर दहा वर्षं कोणी जात नाही. माझ्या वॉर्डात बिहारचा एक हवालदार बरा होऊन परत गेला, पुढे नायब सुभेदार झाला. त्या एका पलटणीतून नंतरच्या दोन वर्षांत जेवढे आपण होऊन आले, तेवढे बाकी सगळ्या मिळून आले नसतील. आम्ही भिंतीवर लावलेल्या तक्त्यांमुळे ते आले, असा माझा गैरसमज बरेच दिवस होता.

दुसरं म्हणजे ‘मदत’ कशाला म्हणायचं, ते तू पुस्तकातून घेतलं आहेस. सैनिक मदत मागत नाही हे मला मान्यच नाही. तो एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, पाठदुखी घेऊन येतो. महिन्यात चार वेळा आला, गोळी चालत नाही म्हणाला, एक्स-रे स्वच्छ, तरी पाचव्यांदा दारात. मी स्वतः अशा माणसांना मलम देऊन पाठवलं आहे, नवी होते तेव्हा. तो पंडितजींकडे जातो. पलटणीतल्या धर्मगुरूकडे जितकं बोललं जातं तितकं आमच्याकडे कधीच आलं नाही. तो सुट्टी मागतो. आणि गावाकडे बांधाचं भांडण असलं की सीओ साहेबांच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, सहीचं कलेक्टरला पत्र मागतो. हसू नकोस. उंचावरच्या चौकीत बसलेल्या माणसाची झोप पुष्कळदा गोळीबाराने उडालेली नसते, चुलतभावाने बांध कोरला या फोनने उडालेली असते. ते पत्र गेलं, तलाठी जागेवर येऊन गेला, की माणूस झोपतो. हे सगळं तुझ्या प्रबंधात ‘मदत मागणं’ म्हणून मोजलं गेलं पाहिजे.

आकड्याच्या मागे लागू नकोस, असंही सांगते. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी विषयांवरच्या संस्थेच्या एका अभ्यासात निम्म्याहून जास्त सैनिक तीव्र ताणाखाली असल्याचं म्हटलं होतं. 2021 च्या सुरुवातीला ते वर्तमानपत्रांत आलं आणि गदारोळ झाला. नमुनाच लहान आहे, असं लष्कराकडून सांगण्यात आलं, आणि अभ्यास संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरला. चर्चा शेवटपर्यंत टक्केवारीची झाली, आतल्या कारणांकडे फारसं कोणी पाहिलं नाही. त्या अभ्यासाचं ते झालं, तर तीन गावांतल्या तुझ्या टक्केवारीला कोण विचारतो? तू बारा माणसं घे. नीट ऐक.

ती बारा निवृत्तांतली घे. नोकरीतल्या माणसाला परवानगीशिवाय अशा गोष्टींवर बोलायला लावणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना कॉलेजच्या ग्रंथालयात असतील. वरिष्ठांच्या हाताखाली असलेल्या, ‘नाही’ म्हणायची सोय नसलेल्या लोकांची खास काळजी घ्यायला त्या सांगतात. अध्यक्षांनी बोलावलं म्हणून देवळात आलेले बासष्ट जण त्यातच मोडतात. निवृत्त माणूसही दोन-चार वर्षं होऊ दिल्याशिवाय बोलत नाही. पेन्शन सुरळीत झाली, बँकेत वॉचमनची नाहीतर सोसायटीत सुपरवायझरची नोकरी लागली, मग बोलतो.

घरी जा, एकटी जा, पहिल्या खेपेला कागद नेऊ नकोस. आजोबांची पलटण सांग, चहा घे, परत ये. दुसऱ्या खेपेला ‘तुम्हाला’ असं विचारूच नकोस. “तुमच्या पलटणीत एखाद्याची झोप उडाली, तर तो पहिल्यांदा कोणाला सांगायचा?” एवढंच विचार. पहिल्या पंधरा मिनिटांत ते दुसऱ्याचं सांगतील. पुढे कधीतरी ‘तो’चा ‘मी’ होतो, बहुतेक वेळा तू उठायला लागलीस की. वही तेव्हा पिशवीत असली तरी चालेल. ‘नैराश्य’ हा शब्द तोंडून काढू नकोस. डोकं जड, छातीत धडधड, अंगात जीव नाही, जेवणावर वासना नाही, दिमाग गरम, हे शब्द त्यांचे आहेत. जमलं तर बायकांशी वेगळं बोल. नवरा रात्री कडी किती वेळा तपासतो, हे त्यालाही माहीत नसतं. ते बायकोला माहीत असतं.

गावाचाही विचार कर. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे (मिलिटरी) आहे. पहिल्या महायुद्धात तिथले 46 जण कामी आले आणि आजही घरटी फौजी आहे. तुझी गावं तेवढी नावाजलेली नसली तरी वळण तेच. जिथे कमानीवर नावं कोरलेली असतात, तिथे दुखणं सांगायला माणूस तालुक्याला जातो. मुलाखतीही शक्य तिथे तालुक्याला घे.

आता ज्यासाठी तुझ्यावर रागवायचं आहे ते. त्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. बासष्टांतल्या एकाने तिथे ‘जवळजवळ रोज’वर खूण केली असती तर तू काय करणार होतीस? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. फॉर्म गोळा करून एसटीने कराडला गेली असतीस आणि पंधरा दिवसांनी एक्सेलमध्ये भरताना ते तुला दिसलं असतं. यापुढे असा प्रश्न विचारायचा असेल तर समोर बसून विचार, त्याच दिवशी उत्तर पाहा, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांशी आधी बोलून ठेव, आणि कॉलेजच्या नीतिसमितीकडून हे सगळं लेखी मंजूर करून घे. तोवर ती प्रश्नावली कपाटात राहू दे.

ते बासष्ट फॉर्म मात्र फेकू नकोस. कुठे बसवलं, समोर कोण होतं, वर कोणते रकाने होते, किती मिनिटांत भरले, सगळं आठवून लिही. कोणत्या परिस्थितीत शंभर टक्के माणसं ‘सब ठीक’ लिहितात, याचं ते तुझं पहिलं प्रकरण. गाईडना म्हणावं, निष्कर्ष आहे, फक्त तुम्ही म्हणता तो नाही.

मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात अकरा वर्षं फायरमन आहे. मागच्या महिन्यात बेकरीच्या आगीची वर्दी होती, आतून दोन मुलं काढली, वाचली नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोल बसवून एकेकाला ‘काय पाहिलं, काय वाटलं’ हे बोलायला लावलं. साहेब चांगले आहेत, कुठलं तरी प्रशिक्षण करून आलेत. मी काहीच बोललो नाही. आता सगळे म्हणतात, तू मनात ठेवतोस, तुला त्रास होणार. त्रास आहेच, पावाचा वास सहन होत नाही. पण न बोलल्यामुळे वाढेल का?
— फायरमन

दादा, तुमच्याकडे वर्दी येते आणि आमच्याकडे ती अंगावर असते, पण गोल बसवायची हौस दोन्हीकडे सारखीच. गप्प बसलात म्हणून काही बिघडलेलं नाही. अशा एका बैठकीत सगळ्यांना सगळं ओकायला लावण्याची पद्धत जगभर फार चालली. मग 2002 च्या सुमारास तिच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं की पुढचा त्रास त्यामुळे टळत नाही, आणि एखाद-दुसऱ्या चाचणीत तर बोलायला लावलेल्यांचं जास्त बिघडलं. त्या चाचण्यांतले लोक बहुतेक भाजलेले किंवा अपघातातले होते, फायरमन नव्हते, हेही सांगायला हवं. पण सक्ती करू नये, एवढं त्यावरून नक्की ठरलं. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये दुसरी रीत निघाली. बाहेरचा कोणी येत नाही. पलटणीतलाच शिकवलेला एक जण साधारण तीन दिवसांनी भेटतो, कसं चाललंय विचारतो, आणि महिन्याने परत येऊन तेच विचारतो. दोन्ही वेळच्या उत्तरांत फरक पडला का, हे तो पाहतो. साहेबांना हे सांगा. जे प्रशिक्षण घेऊन येतात ते ऐकूनही घेतात.

पावाच्या वासाचं. महिनाभर असं होणं हे जखम भरतानाच्या खाजेसारखं आहे. पण तुम्ही लिहिलंय ‘मागच्या महिन्यात’, म्हणजे महिना होतच आला. आता पाहायचं ते असं: वास येऊ नये म्हणून रस्ता बदलता का? वर्दीची घंटा वाजली की पाय जड होतात का? घरी मुलांना जवळ घेणं टाळता का? यातलं एकही ‘हो’ असेल आणि कमी होत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते गोल बसून होत नाहीत, एकट्याने बसून होतात. पिणं वाढलं असेल तर आजच जा.

14 एप्रिलला तुम्ही मुंबई गोदीतल्या 1944 च्या स्फोटातल्या 66 जवानांना मानवंदना देता. एकदा त्या आठवड्याच्या कार्यक्रमात, भाषणं संपल्यावर, तुमच्यातल्या एखाद्या जुन्या लीडिंग फायरमनने स्वतःच्या पहिल्या वाईट वर्दीनंतर काय झालं होतं ते सांगावं, असं माझ्या मनात येतं. वर पहिल्या पत्राच्या उत्तरातला तो हवालदार वाचा, म्हणजे का ते कळेल.

मिस्टर सुट्टीवर आलेत. रात्रभर जागे, मुलांवर ओरडतात, परवा म्हणाले ‘मी नसलो तर तुम्हाला पेन्शन मिळेलच’. अकरा दिवसांनी परत जायचंय. मी फोन कुठे करू? त्यांच्या युनिटला कळलं तर ते मला माफ करणार नाहीत.
— एक पत्नी

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी लिफाफ्यावरच्या पत्त्यावर उत्तर पाठवलं आहे. इथे छापते आहे ते तुमच्यासारख्या इतरजणींसाठी.

पेन्शनचं ते वाक्य थट्टा समजू नका. आज रात्रीच, मुलं झोपल्यावर, सरळ विचारा, “तुमच्या मनात जिवाचं काही करून घ्यायचं येतं का?” विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट बहुतेकांचा श्वास मोकळा होतो. शेतात फवारणीचं औषध असेल तर आजच ते दुसऱ्याच्या घरी हलवा, बंदूक असेल तर तीही. दिरांपैकी एकाला, जो बोलघेवडा नाही त्याला, विश्वासात घ्या आणि त्यांना एकटं सोडू नका.

फोन 14416. ही सरकारची टेलि-मानस सेवा, मनाच्या त्रासासाठी, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. फौजेसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 ला सुरू झाला. तुम्ही स्वतः फोन करा. पलटणीचं नाव न घेता बोलायला सुरुवात करता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि सुट्टीवरचा जवान जवळच्या सैनिकी रुग्णालयातही जाऊ शकतो.

युनिटला कळेल का? सैनिकी रुग्णालयात दाखल केलं तर कळेल, ते मी लपवणार नाही. कॅटेगरीही लागेल कदाचित. ती उतरवता येते, उतरलेली पाहिली आहे. त्यांच्या हातात अशा अवस्थेत रायफल द्यायची की काही आठवडे नाही द्यायची, एवढाच आत्ताचा प्रश्न आहे. ‘हो’ असं उत्तर आलं तर अकरा दिवस मोजत बसू नका, त्याच रात्री गाडी काढा. रागावतील. माझ्यावरही खूप जण रागावले होते. त्यातल्या दोघांची दिवाळीला अजून पत्रं येतात.